पेटीला बोलतं करायचंय : व्होकोडरचे बोर्ड घरीच बनवावेत का?

संत्रा_सर्किट (धागालेखक), १२ मे
नमस्कार मंडळी. नागपुरात पारा ४५ ला टेकलाय, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून डोक्यात किडा वळवळून राहिलाय.

घरी आजोबांच्या काळची पेटी आहे. कुणी वाजवत नाही, नुसती कपाटावर बसून असते. तिच्यावर बोलणारा आवाज चढवायचा, म्हणजे मी माइकमध्ये बोलायचं आणि शब्द पेटीच्या सुरात बाहेर पडायचे. थोडक्यात व्होकोडर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते तेव्हा आमच्या महाल भागातल्या गल्लीत पेटीनेच "घेऊन जा गे मारबत" म्हणावं, एवढीच महत्त्वाकांक्षा.

दहा बँड ठरवलेत. साधी जुनी पद्धत, सगळं अ‍ॅनालॉग. एका बाजूने बोलण्याचे दहा पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यात आवाज किती चढला-उतरला ते मोजायचं, आणि दुसऱ्या बाजूने पेटीचे तसेच दहा पट्टे करून ते त्या मापाने उघडायचे-मिटायचे.

प्रश्न असा: एकपदरी तांब्याच्या शीटवर घरी एचिंग करून (नको असलेलं तांबं रसायनात विरघळवून) सर्किटचे बोर्ड जमतील का? सगळं एका मोठ्या बोर्डवर घ्यावं की तुकडे करावेत? आधी एफएमचा ट्रान्समीटर आणि दोन पॉवर सप्लाय एवढेच बोर्ड घरी केलेत.

तर्रीप्रेमी
घरात आधीच सगळे बोलून राहिलेत, आता पेटीही बोलणार? तुमचं ऐकणार कोण भाऊ?

बिट_बाय_बिट
प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. फोनवर फुकट अ‍ॅप आहेत, लॅपटॉपवर प्लगइन आहेत. बत्तीस बँड, शून्य घरघर. ऐंशी कपॅसिटर सोल्डर करायचे कशाला?

संत्रा_सर्किट
@बिट_बाय_बिट, तुम्ही घरी पुरणपोळी करता की विकत आणता?

बिट_बाय_बिट
विकत.

संत्रा_सर्किट
मग खुंटलं बोलणं.

सोल्डरमामा
बसा, जरा लांबण लागणार आहे.

एक मोठा बोर्ड अजिबात करू नका. एक बँड, एक बोर्ड. दहा सारखे छोटे बोर्ड आणि खाली एक मातृबोर्ड, ज्यात ते उभे खोचायचे. कारण सांगतो. घरच्या एचिंगमध्ये दहातला एक बोर्ड फसतोच. छोटा फसला तर अर्धा तास गेला, मोठा फसला तर उन्हाळा गेला. दुसरं म्हणजे आधी एकच बोर्ड करून, वाजवून, तपासून मग बाकीचे नऊ करता येतात.

आता फिल्टर. प्रत्येक बँडला वेगळे रेझिस्टर काढत बसू नका. मल्टिपल फीडबॅकचा बँडपास (एक ठरावीक पट्टाच पुढे सोडणारा फिल्टर) घ्या, त्यात दोन्ही कपॅसिटर सारखे असतात. इनपुटचा रेझिस्टर ४७ के, जमिनीकडचा (ग्राउंडचा) २.७ के, फीडबॅकचा १०० के. कपॅसिटर १० नॅनोफॅरड लावलात तर मध्य बरोबर १००० हर्ट्झच्या तोंडाशी येतो (९९६), क्यू (पट्टा किती अरुंद ते) साधारण ३ आणि गेन (आवाज किती पट होतो ते) जेमतेम एकाच्या वर. असे दोन लागोपाठ जोडा, म्हणजे उतार चांगला पडतो.

गंमत पुढे आहे. बाजारात कपॅसिटर ज्या पायऱ्यांनी मिळतात (४७, ३३, २२, १५, १०, ६.८, ४.७, ३.३, २.२, १.५ नॅनो) त्याच पायऱ्यांनी फ्रिक्वेन्सी चढते: २१२, ३०२, ४५३, ६६४, ९९६, १४६५, २११९, ३०१८, ४५२७, ६६४०. झाले तुमचे दहा बँड! रेझिस्टर सगळीकडे तेच, बोर्ड सगळीकडे तोच, फक्त कपॅसिटर बदलायचे. एका बोर्डला आठ, चार बोलण्याच्या बाजूला आणि चार पेटीच्या. तुमचे मित्र म्हणतात ते ऐंशी इथून येतात.

हे कपॅसिटर पॉलिएस्टरचे घ्या. तांबूस चकतीवाले सिरॅमिक इथे चालत नाहीत. त्यातले स्वस्त प्रकार उन्हात एवढे सरकतात की महालात सकाळी जुळवलेला फिल्टर दुपारी कामठीला पोचेल. थोडे जास्त आणा, मीटरवर मोजून जवळजवळचे आठ-आठ निवडा.

बाकी बोर्डवर टीएल०७४ दोन. म्हणजे आठ ऑपअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारे आयसीतले भाग): चार फिल्टरला, दोन आवाजाची उंची मोजणाऱ्या प्रिसिजन रेक्टिफायरला, एक ते माप गुळगुळीत करणाऱ्या लोपासला, एक कंट्रोलचा करंट द्यायला. आणि एलएम१३७०० या आयसीचा अर्धा भाग व्हीसीए म्हणून, म्हणजे पेटीचा पट्टा उघडायला-मिटायला. जुन्या सर्किटात सीए३०८० दिसेल, तो बनणं कधीच बंद झालंय. त्याच्या नावाने जे स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा भलतंच निघतं.

गप्पिष्ट
वाखुसा (वाचनखूण साठवली). कपॅसिटरच्या पायऱ्यांची आयडिया भारीच.

मुळामुठा
सोल्डरमामांशी सर्किटच्या बाबतीत सहमत, पण दहा सारखे बोर्ड म्हटल्यावर घरी कशाला करायचे? उलट सारखे आहेत म्हणूनच बाहेरून करून घ्या. कीकॅड हे बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डिझाइन करा, फाइली पाठवा, आठ-दहा दिवसांत दुपदरी, हिरवा मास्क चढवलेले, भोकं पाडलेले बोर्ड घरपोच. भोकं मोजलीत का? एका बोर्डवर दीडशे धरली तरी दहा बोर्डांची दीड हजार. ०.८ चं बिट किती वेळा मोडेल याचा हिशेब करा. आम्ही पूर्वी पुण्यात तापकीर गल्लीतून कॉपर क्लॅड (तांब्याची शीट) आणून हे सगळे उद्योग केलेत, आता नाही करत.

सोल्डरमामा
@मुळामुठा, पहिला बोर्ड बरोबर निघाला तर तुमचं खरं. पण पहिला बोर्ड कधी बरोबर निघालाय? घरी केला तर संध्याकाळी चूक कळते आणि रात्री दुसरा तयार असतो. तुमचे आठ-दहा दिवस चुकीच्या बोर्डाची वाट पाहण्यात जातात, आणि मग दहाही एकसारखे चुकलेले येतात.

तर्रीप्रेमी
पुणे विरुद्ध नागपूर सुरू झालं. मी पोहे घेऊन येतो.

खामल्याचा_खमंग
एचिंगचा माझा अनुभव लिहून ठेवतो, कुणाचा संसार वाचेल.

फेरिक क्लोराइड तांबं खातं हे माहीत होतं. स्टेनलेस स्टील पण खातं हे माहीत नव्हतं. नावातच 'स्टेनलेस' आहे म्हटल्यावर मी आईची परात घेतली. चांगली जाड, तिच्या लग्नातली, तळाला नाव कोरलेलं. बोर्ड टाकला, गच्चीवर उन्हात ठेवला आणि जेवायला बसलो. येऊन पाहतो तर बोर्ड सुंदर झालेला, आणि परातीला तळाशी बारीक बारीक खड्डे. नावातला एक काना गेलेला. द्रावण ओतलं तर गच्चीच्या फरशीवर जो पिवळा डाग पडला तो आज अकरा वर्षांनीही आहे.

तात्पर्य काढत नाही, फक्त सांगतो: श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, भयंकर तापतं. झाल्यावर मोरीत ओतायचं नाही. धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसवा आणि तो वेगळा भरून ठेवा, त्यात तांबं असतं.

एक मात्र खरं, नागपूरच्या मेमध्ये द्रावण गरम करावं लागत नाही. ताज्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटांत काम. पुण्यातले लोक डबा गरम पाण्यात ठेवून हलवत बसतात.

मुळामुठा
मान्य. उन्हाचा एवढा एकच उपयोग ऐकला.

पेटीवाला
इलेक्ट्रॉनिक्स मला कळत नाही, पेटी कळते. त्या बाजूने दोन अडचणी.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमचं यंत्र नवीन आवाज तयार करत नाही, पेटीत जे आहे त्यातलंच उघडतं-मिटतं. पेटीची सुरी (आतली कंप पावणारी पट्टी) भरपूर उपस्वर देते, त्यामुळे बासरीपेक्षा ती शतपट बरी. बासरीवर बोललात तर बहुतेक पट्टे रिकामेच राहतील. पण पेटीवरही वरच्या सप्तकात एकच सूर धरलात तर त्याच्या खालचे पट्टे उपाशी. मधली पांढरी एक साधारण २६१ हर्ट्झ. म्हणजे मामांचा २१२ चा पट्टा तिथेच बेकार. खर्जाचे सूर असलेली पेटी असेल तर तो खटका उघडा, एक सप्तक खाली, १३० वरून सुरुवात होते. आणि एकेरी सूर नको, दोन-तीन सूर एकत्र दाबा, भरणा होतो.

दुसरं, पेटी आणि तुम्ही एकाच खोलीत. तुमचा आवाज पेटीच्या माइकात गेला की सगळा घोळ.

संत्रा_सर्किट
@पेटीवाला, दुसऱ्या अडचणीवर पिझोची चकती (थेट कंप पकडणारी) विचारात होती. पेटीच्या आत, सुऱ्यांच्या फळीला चिकटवायची, म्हणजे हवेतला आवाज फारसा पकडणार नाही. खर्जाचं मात्र सुचलंच नव्हतं. खटका आहे, गंजलाय. पाहतो.

झुळूक
तुम्ही लोक "हॅलो माइक टेस्टिंग" म्हणून तपासणार आणि सगळं छान आहे म्हणणार, म्हणून लिहिते. मी शाळेत मराठी शिकवते.

'चटईला टाचणी टोचली' म्हणून पाहा. ट, च, ट, च. तुमचं मोजणारं सर्किट सुस्त असेल तर सगळं एकात एक मिसळून 'अअईआ आअई ओअई' होईल. मग 'चार' आणि 'चारा' म्हणा. पहिला च तालव्य, दुसरा दंत्य. दंत्य च मधली सुस्कार जास्त वरच्या पट्टीत असते. तसंच श आणि स. तुमचा सगळ्यात वरचा पट्टा ६६४० चा आहे असं वर वाचलं. 'स' ची बरीच ऊर्जा तिथेच आणि त्याच्या वर असते. पेटीत एवढ्या वर काही उरतं का?

सोल्डरमामा
ताई, नेमकं बोट ठेवलंत. नाही उरत. म्हणून व्होकोडरात श-स साठी वेगळी सोय करतात. सोपी युक्ती: बोलण्यातला ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग हायपास करून सरळ आउटपुटात मिसळायचा. नाहीतर नॉइज सोर्स: बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर उलटा जोडायचा, १२ व्होल्टवर तो छान फुसफुसतो, आणि सुस्कार आला की पेटीच्या जागी ती फुसफुस आत सोडायची. संत्राभाऊ, आधी पहिली युक्ती करा.

लोपास ३० हर्ट्झच्या आसपास ठेवा. खूप खाली नेलात तर ताईंची टाचणी बोथट होईल, खूप वर नेलात तर खालच्या बँडांत गुरगुर येईल.

बिट_बाय_बिट
हा तोच आवाज ना, हल्लीच्या गाण्यांत सगळे गायक रोबोटसारखे गातात?

आकाशवाणी_जुनी
नाही हो, तो ऑटोट्यून. १९९७ चं सॉफ्टवेअर, ते गाणाऱ्याचा सूर ओढून जागेवर आणतं. व्होकोडर त्याचा पणजोबा. बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी तो काढला तो संगीतासाठी नव्हेच, टेलिफोनच्या तारेत बोलणं कमी जागेत बसवायला. त्याचं भावंड व्होडर १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात दाखवलं: एक बाई बसून बोटांनी पट्टे उघडायची, मनगटाखालच्या दांडीने सुस्कार की स्वर ते ठरवायची आणि पायाच्या पेडलने सूर वर-खाली करायची. म्हणजे पायपेटीच म्हणा! शिकायला वर्षभर लागायचं.

मग युद्धात अमेरिकेने सिगसॅली नावाची गुप्त बोलणी यंत्रणा उभी केली, १९४३ मध्ये. एकेक केंद्र सुमारे ५० टनांचं. आणि त्यात बोलण्याचे पट्टे किती, तर दहाच! संत्राभाऊंचा आकडा तोच. संगीतात तो रुळला तो सत्तरच्या दशकात, वेंडी कार्लोस, क्राफ्टवेर्क वगैरे इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या मंडळींमुळे.

तर्रीप्रेमी
५० टन? महालातली गल्ली पाहिलीय का तुम्ही? दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एक परत जाते.

संत्रा_सर्किट, ९ जून
अपडेट. आणि थोडं रडगाणं.

पहिला बोर्ड केला. लेझर प्रिंट गुळगुळीत मासिकाच्या कागदावर, इस्त्री, पाण्यात भिजवून कागद बोटाने घासून काढला. रेषा ०.८ मिलिमीटर ठेवल्या, एकही तुटली नाही. इतका आनंद झाला की त्याच रात्री आणखी तीन केले. मग सगळी भोकं पाडली. मग टीएल०७४ चा सॉकेट लावून पिन मोजल्या.

आरसा. चारही बोर्ड उलटे.

प्रिंटच्या खिडकीत 'मिरर' वर टिक होती. मला वाटलं इस्त्रीने उलटतं म्हणून आधीच उलटं छापायचं.

मुळामुठा
(मी काहीच बोलत नाहीये.)

सोल्डरमामा
प्रत्येकाचा होतो एकदा. डिझाइनमध्ये खालचं तांबं आपण वरून, बोर्डाच्या आरपार बघितल्यासारखं काढतो. इस्त्री ते एकदा उलटवते आणि हिशेब पुरा होतो. तुम्ही दोनदा उलटवलंत. पुढच्या वेळी तांब्याच्या थरात एक अक्षर टाकून ठेवा, 'क' टाका. कागदावर उलटा आणि तांब्यावर सुलटा दिसला की निर्धास्त.

बोर्ड फेकू नका. रेझिस्टर-कपॅसिटरला उलट-सुलट नाही. फक्त आयसीचे पाय मागे वाकवून त्यांना पाठीवर झोपवा, मेलेल्या झुरळासारखे. क्रम बरोबर येतो. मातृबोर्डाच्या कनेक्टरचाही क्रम उलटेल, तेवढं लक्षात ठेवा.

गप्पिष्ट
मेलेल्या झुरळासारखे =)) =))

खामल्याचा_खमंग
आणि चालू करायच्या आधी दोन ठिकाणी थांबा. पॉवर सप्लायचे ७८१२ (अधिक १२ व्होल्टचा) आणि ७९१२ (उणे १२ चा) दिसायला जुळे, पण पाय वेगळे: पहिल्यात इनपुट-जमीन-आउटपुट, दुसऱ्यात जमीन-इनपुट-आउटपुट. दुसरा सापळा: टीएल०७४ ची ११ नंबरची पिन उणे १२ ला जाते, आणि एलएम१३७०० ची ११ नंबरची अधिक १२ ला. एकाच बोर्डवर शेजारी शेजारी! मी रात्री एकला "अकरा म्हणजे उणे" असं पाठ करत सोल्डरिंग केलं. १३७०० ने फार वेळ घेतला नाही.

संत्रा_सर्किट, २० जुलै
पावसाळा सुरू झाल्यापासून टोनर नीट बसेना. कूलरच्या खोलीत कागद दमट व्हायचा, इस्त्री केली की फुगे यायचे. आता कागद आधी कोराच इस्त्री करून घेतो, मग छापतो. फरक पडला.

सहा बोर्ड घरचे (त्यातले चार झुरळवाले), सहाही चालतात. हात दुखले, बिटं सात मोडली. उरलेले चार मुळामुठांच्या पद्धतीने बाहेरून मागवले. डिझाइन एव्हाना खात्रीचं होतं.

आता रोग. मी गप्प बसलो तरी पेटी हळू आवाजात ऐकू येते. माइक काढला तरी येते. काय करू?

सोल्डरमामा
दोन शक्यता. एक, शांततेतही व्हीसीएला थोडा करंट जातोय, ऑपअ‍ॅम्पच्या ऑफसेटमुळे. कंट्रोलच्या ऑपअ‍ॅम्पला प्रीसेटने (छोट्या फिरवायच्या रेझिस्टरने) किंचित उणे ढकला, म्हणजे गप्प बसल्यावर करंट खरोखर शून्य होतो. आणि त्या वाटेत रेझिस्टर आहे ना? १३७०० ला २ मिलिअँपच्या वर चालत नाही. दोन, आवाज बोर्डांतून येतच नसेल. एकेक बोर्ड उपटून बघा कोणता गळतोय.

संत्रा_सर्किट
सगळे दहा उपटले. तरीही पेटी वाजते!

सोल्डरमामा
हा हा. मग मातृबोर्ड. पेटीची येणारी रेघ आणि आउटपुटची जाणारी रेघ शेजारून नेलीत का?

संत्रा_सर्किट
बावीस सेंटिमीटर. अगदी खेटून. एकपदरी बोर्ड, जागा नव्हती.

सोल्डरमामा
पेटीची रेघ दोन्ही टोकांना ब्लेडने कापा. त्या जागी शील्डवाली वायर टाका, जाळी एकाच टोकाला जमिनीला.

मुळामुठा
दुपदरी असता तर मध्ये जमिनीचा पट्टा टाकता आला असता. पण एकेक बोर्ड उपटून दोष शोधता आला, तिथे मामांचं बरोबर. एका मोठ्या बोर्डावर हे सापडायला महिना गेला असता.

संत्रा_सर्किट, मारबतच्या रात्री
वायर टाकली, गळती गेली. तिसऱ्या आणि सातव्या बोर्डाला प्रीसेटही लावावा लागला.

आज सकाळी पेटी ओट्यावर काढली. खर्जाचा खटका तेल घालून सुटला. मोठा भाऊ भाता मारत होता, सा आणि प दाबून धरलेले, मी माइकवर. मिरवणुकीच्या ढोलात फार ऐकू आलं नाही, पण गल्लीत शिरायच्या आधी पाच मिनिटं शांतता मिळाली तेव्हा "घेऊन जा गे मारबत" स्वच्छ निघालं. 'मारबत' चा त जरा मऊ येतो. काकू म्हणाल्या पेटीला सर्दी झालीय.

झुळूक ताई, टाचणी टोचते. 'चार' आणि 'चारा' अजून सारखेच.

झुळूक
फुसफुसणारा बीसी५४७ लावा. आणि रेकॉर्डिंग टाका!

पेटीवाला
सर्दी नाही, सुऱ्यांवर धूळ आहे. इतक्या वर्षांनी भाता मारला की ती सुरीच्या फटीत बसते. पेटी उघडून मऊ ब्रशने साफ करा, फुंकर मारू नका.

संत्रा_सर्किट
करतो. रेकॉर्डिंग उद्या, आत्ता लाईट गेलीय. ३०२ च्या बोर्डात थोडी घरघर उरलीय, झुरळवालाच आहे तो. त्याच्या सॉकेटखाली काहीतरी सैल वाटतंय.

सोल्डरमामा
७ नंबरची पिन बघा.